दोघंच जा, एकच शहर बघा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की तुमच्या रविवारच्या पुरवणीत युरोप टूरची पानंच्या पानं येतात, अकरा दिवस नऊ देश, सोबत महाराष्ट्रीयन आचारी वगैरे, आणि त्यावर एका वाचकांचं पत्रही मध्यंतरी वाचलं की तिकडे आपलं आपण फिरायचं म्हणजे भाषेची बोंब, व्हेजची बोंब, कागदपत्रांची कटकट, त्यापेक्षा ग्रुपनेच गेलेलं बरं. मी मूळची सांगलीची, सध्या नवऱ्याच्या नोकरीमुळे व्हिएन्नात राहते आणि पेपर रोज सकाळी मोबाईलवर वाचते. त्या काकांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही, आयुष्यात पहिल्यांदाच येणाऱ्या सत्तरीच्या जोडप्याला टूरच सोयीची पडते. पण जे इथेच राहतात, किंवा मुलाकडे-मुलीकडे दोन-अडीच महिने राहायला येतात, त्यांनी पण तसंच धावत सुटायचं का?

कारण इथली आपली माणसं पण तेच करतात हो. कुणीतरी ग्रुपवर टाकतं, लाँग वीकेंड आहे, कुठेतरी जाऊ. मग बारा-चौदा कुटुंबं, मग पोल, मग एकाला किचनवालं अपार्टमेंटच हवं, दुसऱ्याचं पोरगं बसमध्ये उलट्या करतं, तिसरा सांगतो तिकीट महाग झालं आता पुढच्या महिन्यात बघू, आणि शेवटी सगळे कुणाच्या तरी घरी पावभाजी खातात. पावभाजीबद्दल तक्रार नाही. पण नवरा-बायकोने ठरवायला पोल लागत नाही, शुक्रवारी रात्री जेवताना विषय निघाला आणि शनिवारी सकाळच्या गाडीत बसले, एवढं सोपं आहे ते, आणि लग्नाला दहा-बारा वर्षं झालेल्या जोडप्यांनी तर ते मुद्दाम करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही फेब्रुवारीत असेच हंगेरीच्या राजधानीला, बुडापेस्टला गेलो. व्हिएन्नाहून रेलजेट ट्रेनने पावणेतीन तासांच्या आत माणूस केलेती स्टेशनवर उतरतो, ते स्टेशनच १८८४ सालचं आहे, समोरची कमान बघायला लोक थांबतात. आयत्या वेळी काढलं की तिकीट महाग पडतं हे कबूल, आधी काढणाऱ्याला ते बऱ्याच कमी पैशात मिळतं, पण आयत्या वेळच्यांसाठी बस असते आणि थोडा वेळ जास्त लागला तरी स्वस्तात होतं. ट्रेनने जाणाऱ्यांनी सीट रिझर्व्ह करायचे दोन-चार युरो वाचवू नयेत, वीकेंडला दारापाशी बॅगेवर बसून येणारी कितीतरी माणसं बघितली.

आता कागदपत्रांचं. हंगेरी २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे ऑस्ट्रिया, जर्मनी, नेदरलँड्सचं रेसिडन्स कार्ड असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, आणि आईवडील शेंगेन व्हिसावर आलेले असतील तर त्यांनाही त्याच व्हिसावर नेता येतं, फक्त कुठल्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त दिवस राहायचं नाही, हा हिशोब पाळायचा. पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही खिशात पाहिजेच. "शेंगेनमध्ये कुणी विचारत नाही" असं म्हणत लोक फोटोकॉपी घेऊन फिरतात. ऑस्ट्रियाने २०१५ पासून हंगेरीच्या बाजूला तात्पुरती म्हणून तपासणी सुरू केली आणि ती मुदतवाढ देत देत अजून चालूच आहे, परतताना सीमेवर पोलीस डब्यात चढले आणि एकेकाला कार्ड मागत गेले. ज्यांचं कार्ड अजून आलेलंच नाही, नुसती अर्जाची पावती आहे, त्यांनी आधी नीट विचारूनच जावं. आणि लंडनवाल्यांना हे असं उठून जाणं जमत नाही, ब्रिटनचा व्हिसा इथे चालत नाही, भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा आधीच हातात हवा.

गेल्यावर काय केलं? खरं सांगायचं तर फार काही नाही, आणि मुद्दा तोच आहे. बुडा, पेस्ट आणि ओबुडा अशी तीन गावं १८७३ मध्ये एक झाली आणि हे शहर झालं, मध्ये डॅन्यूब, एका बाजूला टेकडी आणि किल्ला, दुसऱ्या बाजूला सपाट पेस्ट. दोन नंबरची ट्राम पेस्टच्या काठाने पार्लमेंटच्या अगदी जवळून जाते. लोक संध्याकाळी बोटीच्या तिकिटांसाठी रांगा लावतात, आम्ही दिवे लागल्यावर त्या पिवळ्या ट्राममध्ये बसलो, शेवटपर्यंत गेलो आणि तशीच परत आलो, साध्या २४ तासांच्या पासमध्ये. नदीपलीकडचा किल्ला, साखळ्यांचा पूल, सगळं खिडकीतून दिसतं. तो पूल १८४९ चा, १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले सगळेच पूल उडवले त्यात तोही गेला आणि १९४९ ला, बरोबर शंभर वर्षांनी, पुन्हा उभा राहिला. हे नवऱ्याने ट्राममध्ये वाचून दाखवलं, नेहमी असं काही वाचायला लागला की मी फोनमध्ये बघते, पण त्या दिवशी ऐकलं.

मेट्रोचं एक सांगते. तिथली एक नंबरची लाईन १८९६ ची आहे, युरोपच्या मुख्य भूमीवरची (म्हणजे लंडन सोडून) पहिली भुयारी मेट्रो, हंगेरियन लोक त्या भागात आल्याला हजार वर्षं झाली म्हणून बांधलेली. जिना इतका छोटा की रस्त्यावरून दहा-पंधरा सेकंदांत फलाटावर, डबे बुटके, खांबांवर लोखंडी नक्षी. पण सुटं कागदी तिकीट घेतलं तर ते मशीनमध्ये पंच करायलाच लागतं, नुसतं विकत घेऊन खिशात ठेवलं तर तपासनीस दंड लावतो आणि टुरिस्ट आहे म्हणून सोडत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे पास काढावा.

ह्याच लाईनवर सेचेनी नावाचं गरम पाण्याचं स्नानगृह लागतं. शहराखाली भेग असल्यामुळे तिथे शंभराहून जास्त गरम झरे आहेत, तुर्कांनी सोळाव्या शतकात बांधलेले हमाम पण अजून चालू आहेत, पण सेचेनी १९१३ चं आणि प्रचंड, पिवळा राजवाडाच. हातात एक पट्टा देतात, त्यानेच लॉकर उघडतो. टॉवेल आणि स्लिपर घरून न्या, विशेषतः स्लिपर, कारण कपडे बदलून उघड्यावरच्या हौदापर्यंत जायचं तर फेब्रुवारीत पायाखालची फरशी बर्फासारखी असते आणि माणसं अक्षरशः ओरडत पळत असतात. आत उतरलं की पाणी ३८ अंशांच्या आसपास, वर नुसती वाफ, कडेला म्हातारे छातीभर पाण्यात उभं राहून बुद्धिबळ खेळतायत आणि भोवती दहाजण चाल सुचवतायत. आम्ही तिथे किती वेळ होतो मला माहीत नाही, फोन लॉकरमध्ये होते. घरचा हप्ता, मुलीची शाळा, ह्याच्या ऑफिसमधलं राजकारण, जे विषय घरी काढले की भांडण होतं ते सगळे तिथे शांतपणे बोलून झाले. (मुलीला मैत्रिणीकडे सोडली होती, म्हणजे "पोरीला टाकून गेले का" हा प्रश्न ज्यांच्या मनात आलाय त्यांच्यासाठी.)

१९१३ वरून आठवलं, अमृता शेरगिलचा जन्म त्याच वर्षी ह्याच शहरात झाला, आई हंगेरियन गायिका आणि वडील पंजाबी सरदार. आपल्याकडे शाळेत चित्र दाखवतात पण बुडापेस्टचं नाव कुणी घेत नाही.

व्हेजच्या बोंबेबद्दल. गुलाश म्हणजे मांसच, त्यात वाद नाही, आणि जुन्या पद्धतीच्या खानावळीत चरबी वापरतात तेव्हा विचारूनच मागवावं. पण लांगोश नावाची तळलेली जाडजूड पोळी मिळते, वर लसणाचं पाणी, आंबट क्रीम आणि चीज, एकीत दोघांचं पोट भरतं, तरी तळायला काय वापरतात ते इथेही विचारा. बटाट्याचं, पालकाचं, दुधी-भोपळ्याचं दाट कालवण पण असतं, फोझेलेक म्हणतात त्याला, फक्त वर मांसाचा तुकडा ठेवू नका असं आधी सांगायला लागतं. आंबट चेरीचं गार सूप मात्र मला झेपलं नाही, नवऱ्याने दोन्ही वाट्या संपवल्या. १८९७ च्या मोठ्या मार्केटमध्ये पेपरिकाच्या माळा लटकलेल्या दिसतात, रंगाला भडक आणि तिखटाला बेताची, आपल्या ब्याडगीची लांबची बहीण म्हणा. मिरची मूळची अमेरिकेची, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली आणि त्यांच्याकडे तुर्कांच्या वाटेने गेली. शनिवारी हे मार्केट दुपारीच आवरायला लागतात, त्यामुळे पहिलं तेच करा.

पैशांबाबत एकच, तिथलं चलन फोरिंट आहे. दुकानदार युरो घेतात पण भाव त्यांच्या मनाचा. आणि एटीएम विचारतं की तुमच्या चलनात रूपांतर करून देऊ का, तिथे नाही म्हणायचं, नाहीतर तिथेच कात्री लागते.

रविवारी सकाळी आम्ही तीन तास वेगळे फिरलो. ह्याला किल्ल्यावरचं म्युझियम हवं होतं आणि मला नुसतंच गल्ल्यांमधून चालायचं होतं. आपल्याकडे हे ऐकून लोक डोळे मोठे करतात, फिरायला जाऊन वेगळे? पण एकाने दुसऱ्याच्या मागे तोंड पाडून फिरण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि मग जेवताना सांगायला दोघांकडे काहीतरी असतं.

त्या तीन तासांत मी पार्लमेंटजवळ नदीकाठी गेले. तिथे काठावर लोखंडाचे ६० जोड बूट ओतून बसवलेत, २००५ सालापासून. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथल्या फॅसिस्ट टोळ्यांनी ज्यूंना काठावर उभं करून गोळ्या घातल्या, आधी बूट काढायला लावून, कारण बुटांना किंमत होती. त्यात लहान मुलाचे बूट पण आहेत, लोक त्यात फुलं, खडे ठेवतात. मी उभी असताना एक ग्रुप आला, आपलाच, मराठीच, गाईड म्हणाला दहा मिनिटं, इथून बोटीवर, आणि एका बाईंनी त्या बुटात पाय घालून फोटो काढला. त्यांचा दोष म्हणू का? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, सांगायला दहा मिनिटं पुरतही नाहीत, आणि बाईंना आदल्या दिवशी प्राग होतं आणि उद्या साल्झबर्ग.

माझी तुम्हाला विनंती एवढीच की टूरच्या जाहिराती खुशाल छापा, पेपर चालवायचाय, पण त्याच पुरवणीत महिन्यातून एकदा एक शहर, दोन दिवस, असं अर्धं पान द्या. ‘पाहण्यासारखी २० ठिकाणं’ नको, पुष्कळ झाली. कुठली ट्राम, पास कुठे मिळतो, आईवडिलांना जिने किती चढायला लागतील, व्हेज काय मागायचं, एवढंच. ब्रातिस्लाव्हा, गेंट, बोलोन्या, ल्युब्ल्याना, अशा गावांत राहणारे किंवा जाऊन आलेले मराठी वाचक तुम्हाला नक्की सापडतील, त्यांच्याकडूनच लिहून घ्या. व्हिएन्नाचं मी देते, फक्त शब्दमर्यादा आधी कळवा, ती मला पाळता येत नाही हे हे पत्र वाचून कळलंच असेल.

– तुमची एक नियमित वाचक, व्हिएन्ना