भाषेचा निधी वाडी-पाड्याच्या हाती द्यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पुण्यातल्या आनंदात मीही मनापासून सहभागी होते. त्याच मराठी मुलखात निहाली ही भाषा जेमतेम दोन-अडीच हजार माणसांच्या तोंडी उरली आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या या भाषेचे नाते जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी अजून सिद्ध झालेले नाही. बोलणारे दहा हजारांहून कमी असल्यामुळे २०११ च्या जनगणनेतील १२१ भाषांच्या यादीत ती दिसत नाही, आणि जी भाषा यादीतच नाही तिच्यासाठी तरतूद मागायची तरी कशाच्या आधारावर?

सरकार काहीच करत नाही, असे मी म्हणणार नाही. केंद्राने २०१३ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानामार्फत अशा अल्पसंख्य भाषांच्या जतनाची योजना सुरू केली. आपल्या डेक्कन कॉलेजाने राज्य शासनाच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून ध्वनिमुद्रणे सर्वांसाठी खुली केली, हेही मोलाचे काम आहे. परंतु कोश, व्याकरण आणि ध्वनिमुद्रणे यांमुळे भाषेची नोंद राहते; ती बोलती राहायची तर आजीने नातवाशी त्याच भाषेत बोलले पाहिजे, आणि या बोलण्यासाठी पैसा लागतो हे आपल्या योजनांनी अजून पुरेसे मानलेले नाही.

पैसा कशाला, असे कोणी विचारील. मुळशी तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत मी बारा वर्षे शिकवले. कातकरी या आदिवासी जमातीच्या वाडीतून येणारी मुले पहिलीत महिनोन्‌महिने गप्प बसत आणि आम्ही ती मुले ‘मागे’ आहेत असे समजत असू. त्यांनी आपल्या बोलीत तोंड उघडले की ‘नीट बोला’ म्हणणारी मीच होते, याचे दुःख मला आजही आहे. निवृत्तीनंतर त्याच वाडीतल्या एका वृद्ध बाईंकडून रानातल्या कंदांची आणि ओढ्यातल्या माशांची कातकरी नावे मुलांना शिकवून घ्यावीत, असे मी ठरवले. पण माझ्यापाशी बसल्या की त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते, हे माझ्या लक्षात यायला दुसरी भेट उजाडली. मदतीसाठी एका संस्थेकडे अर्ज केला, तेव्हा नोंदणी प्रमाणपत्र आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण मागितले गेले. वाडीकडे यांतले काय असणार! शिवाय मिळालेला निधी मार्चअखेर खर्च करण्याची अट होती, आणि दिवाळीनंतर वाडीतली बहुतेक घरे वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर गेलेली असतात, ती पावसाच्या तोंडाशी परततात.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० पासून आदिवासींच्याच नियंत्रणाखालील एक मंडळ भाषांसाठी निधी वाटते. तेथे भाषा जाणणारी वडीलधारी व्यक्ती आणि शिकणारा तरुण वर्षाला सुमारे ३०० तास एकत्र घालवतात, फक्त त्याच भाषेत बोलतात आणि दोघांनाही मानधन मिळते. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी १९८२ मध्ये सुरू केलेल्या बालवाड्याही आजी-आजोबांच्याच भरवशावर उभ्या राहिल्या.

असा मार्ग आपल्याकडे अगदीच नाही असे नाही. पेसा क्षेत्रातील, म्हणजे आदिवासी स्वशासनाचा पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित क्षेत्रातील, ग्रामसभांना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध (ठरावीक कामाशी न बांधलेला) निधी थेट देण्याचा निर्णय राज्याने २०१५ मध्ये घेतला. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा सुरू करून, गावाने मनावर घेतले तर काय होऊ शकते हे दाखवून दिले. अडचण अशी की, बुलढाणा आणि रायगड हे जिल्हे अनुसूचित क्षेत्रात नाहीत आणि पुणे जिल्ह्यातला आंबेगाव-जुन्नरकडचा भागच तेवढा त्यात येतो. म्हणजे निहाली बोलणाऱ्यांच्या जामोदला किंवा मुळशी-मावळातल्या कातकरी वाड्यांना या निधीतला रुपयाही मिळत नाही.

म्हणून आदिवासी विकास विभागाने पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेमार्फत पेसाबाहेरील वाडी-पाड्यांसाठी वेगळा भाषानिधी ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अर्ज तोंडी आणि स्वतःच्या भाषेत करता यावा, पैसा वाडीने निवडलेल्या समितीच्या खात्यावर किमान पाच वर्षे मिळत राहावा, आणि शिकवणाऱ्या वृद्धांचे मानधन रोजगार हमीच्या मजुरीपेक्षा कमी नसावे. ध्वनिमुद्रणे झाली तर त्यांवर पहिला हक्क बोलणाऱ्यांचा राहावा. आणि दरवर्षीचा पहिला हप्ता दिवाळीपूर्वी पोहोचावा, म्हणजे भट्टीवर न जाता एखाद्या आजीला नातवंडांना घेऊन वाडीतच राहता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
कोथरूड, पुणे