मास्तर, त्या टोपणाच्या आवाजासाठी

मास्तर, नमस्कार.

तुमचा मोबाइल बटणांचा, त्यामुळे हे तुम्ही स्वतः वाचणार नाही. नातू वाचून दाखवील, त्या भरवशावर लिहितेय.

परवा गावात मारुतीच्या पारासमोर पडदा बांधून आपली फिल्म दाखवली. चौदा मिनिटांची. तुमच्या बँडला लग्नाची सुपारी होती, दाट तीथ, कसे येणार? म्हणून सांगते काय झालं ते. ऊसतोडीची ट्रॉली वळणाआड जाते, आजी पत्र्याचं दार लोटते आणि ‘टक’ असा आवाज येतो. तोवर पारावरच्या बायकांचं चालूच होतं, ‘अगं, ही तर आपल्याच आळीतली,’ ‘ते लुगडं माझं हाय.’ त्या ‘टक’ला सगळ्या गप्प झाल्या. तो आवाज कडीचा नाही, हे फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक आहे.

तुमच्याकडे येण्याआधी मी मोठ्या शहरातल्या एका स्टुडिओत जाऊन पोळून आले होते. नाव कशाला घेऊ. पंधरा हजार ॲडव्हान्स दिला. तीन महिन्यांनी व्हायोलिनचा एक पूर आला, पहिल्या दृश्यापासून शेवटापर्यंत नुसता वाहतोय. आई अजून भाकरी बांधतेय आणि मागं शंभर व्हायोलिनं रडायला लागलीत! मी म्हटलं, दादा, हे आमच्या बीडकडचं वाटत नाही. तर म्हणाला, ‘ग्रामीण फील हवा का? ढोलकी टाकतो.’ त्यानंतर फोन उचलणं बंद. तोडीची आगाऊ उचल घेऊन पळालेल्या मुकादमाच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या होत्या, हा एसीतला मुकादम पहिल्यांदा भेटला.

तुम्ही मात्र आधी विचारलंत, ‘कोण चाललंय? कुठं? मागं कोण राह्यलं?’ मी सांगितलं, नवरा-बायको मिळून एक कोयता, दसरा झाला की निघायचं, लेकरू आजीपाशी. तुम्ही थोडा वेळ मांडीवर बोटं वाजवत बसलात. मग उठून पंखा बंद केलात. एप्रिलचा महिना, अंबाजोगाईची दुपार, वर पत्रे. ‘घरघर येईल तुमच्या मशिनीत.’ हे स्टुडिओवाल्यांना सांगावं लागतं, तुम्हाला सांगावं लागलं नाही.

आणि मग क्लॅरोनेटवर पाठवणीची धून लावलीत. लग्नात वाजते तीच, पण निम्म्या चालीनं, जणू चालता चालता कुणी मागं वळून बघतंय. मला आधी कळलंच नाही. नंतर लक्षात आलं, दहा वर्षांपूर्वी हीच बाई या धुनेवर या घरात आली असणार. लेक जाताना आई मागं उभी राहते, इथं आई निघालीय आणि लेक दारात. माझ्या अख्ख्या पटकथेत हे नव्हतं, मास्तर.

ट्रॉली वळली. पडद्यावर माझी चुलती रडायला लागली. ती काही नटी नाही, पंधरा हंगाम तोड केलेली बाई. तो टेक घेताना खरंच फुटली होती. मी तुमच्याकडे बघत होते, आता सूर चढेल म्हणून. तुम्ही क्लॅरोनेट तोंडापासून काढलंत, खिशातून त्याचं टोपण काढलंत आणि त्यावर बसवलंत. टक. ‘आता कामून वाजवायचं? बाई रडायलीय ना? रडू द्या की तिला.’

रेकॉर्डिंग चालू होतं. तुमचं बोलणं कापलं, टोपण ठेवलं.

कॉलेजात असताना फिल्म सोसायटीत ‘पथेर पांचाली’ पाहिला होता. 1955चा. बाप परगावाहून मुलीसाठी साडी घेऊन येतो आणि मुलगी गेलेली असते. आई हंबरडा फोडते, पण सत्यजित राय तिचा आवाज ऐकूच देत नाहीत. त्या जागी रविशंकरांच्या संगीतातली तार-शहनाई, गजानं वाजवायचं तारांचं वाद्य, किंचाळते. मला वाटायचं, दुःखाच्या जागी वाद्य ठेवणं हीच संगीताची सगळ्यात मोठी करामत. तुम्ही ते उलटं केलंत. वाद्य काढून घेतलंत आणि बाईचा आवाज तिचा तिला परत दिलात. दोन्ही खरंच आहे. पण धून आधी वाजली म्हणूनच तिचं थांबणं ऐकू आलं. मुळात काहीच नसतं, तर ती शांतता नुसती रिकामी राहिली असती.

तुम्हाला राय ठाऊक नसतील. पण चहा पिताना तुम्ही ‘सैराट’चा विषय काढलात. 2016 साली प्रत्येक वरातीत ‘झिंगाट’ वाजवून वाजवून ओठ सोलले होते म्हणालात. ‘पर शेवटाला बघा, अजय-अतुलनं काय ठिवलं? काहीच नाय. लेकरू रडतंय, त्याचाबी आवाज नाय.’ मी तो सिनेमा चार वेळा पाहिलाय. थेटरात पडद्यासमोर नाचणारी पोरं शेवटी खाली मान घालून बाहेर पडताना पाहिलीत. पण कुठं वाजवायचं आणि कुठं टोपण लावायचं, हा हिशोब वरातीत वाजवणाऱ्या माणसाकडून शिकायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. आमच्याकडे बँडवाल्याला जेवायलाही शेवटच्या पंगतीत बसवतात. असो.

पैशाचं म्हणाल, तर तुम्ही वरातीचा एका दिवसाचा दर सांगितलात आणि तेवढाच घेतलात. फुकट केलं नाहीत, हे मला फार आवडलं. वरची नोट परत दिलीत, ‘लेकराला पेढे न्या’ म्हणून.

पेनड्राइव्ह नातवाच्या हाती दिलाय. शेवटी नावं येतात, तिथं तुमच्या नावापुढं ‘क्लॅरोनेट’ लिहिलंय. टोपणाचं कुठं लिहावं ते कळलं नाही, म्हणून हे पत्र.