दहा दिवसांपुढचा नकाशा म्हणजे इशारा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आंतरराष्ट्रीय पानावर अमेरिकेतील संभाव्य हिमवादळाची बातमी नकाशासह आली. नकाशा जांभळ्या-गुलाबी रंगांनी भरलेला आणि वर ‘शतकातील सर्वांत भीषण थंडी’ असा मथळा. तो कोणत्या मॉडेलचा (हवामानाचे गणित मांडणाऱ्या संगणकीय प्रणालीचा), कोणत्या रनचा (ते मॉडेल एकदा चालवून काढलेल्या अंदाजाचा), किती दिवस पुढचा, यातले एक अक्षरही सोबत नव्हते. मी तो पाहताच ओळखला, कारण तोच नकाशा माझ्या संगणकावर येऊन गेला होता. अमेरिकी जीएफएस मॉडेलचा, २४० तासांपुढचा, म्हणजे दहा दिवसांपुढचा. त्यानंतरच्या रनमध्ये ते वादळ किनाऱ्यापासून दूर समुद्रात सरकले आणि अंक वाचकांच्या हाती पडला तोवर ते मॉडेलमधूनच नाहीसे झाले होते.

मी निवृत्त वीज अभियंता आहे. नोकरीचा बराच काळ भार प्रेषण केंद्रात गेला. उद्याच्या तापमानावरून उद्याची विजेची मागणी काढायची, हे तिथले रोजचे काम. हवामानाच्या मॉडेलांची गोडी तिथेच लागली आणि आता उत्तर गोलार्धातील हिवाळी वादळांचा माग काढण्यात माझा बराच वेळ जातो. जगभर असे हौशी लोक पुष्कळ आहेत. नवा रन आला की सुमारे साडेपाच हजार मीटर उंचीवरचा दाबाचा पट्टा कुठे वाकला, किनाऱ्यालगतचा कमी दाब किती खोल गेला, याची चर्चा सुरू होते. आपण छापलेला नकाशा आमच्यापैकीच कोणीतरी आधी पसरवला असणार, म्हणून हे पत्र आपल्याइतकेच माझ्या या मित्रांसाठीही आहे.

जीएफएस दिवसातून चार वेळा चालते आणि प्रत्येक वेळी १६ दिवसांपर्यंतचे चित्र काढते. म्हणजे दहाव्या दिवसाबद्दल रोज चार वेगवेगळे नकाशे तयार होतात, आणि त्यांतला सर्वांत भीतिदायक तेवढा लोकांपर्यंत पोचतो. जे वादळ दहा दिवसांनी न्यूयॉर्कला गाठणार आहे, त्याचे बीज आज कदाचित उत्तर प्रशांत महासागरावर असते. तिथे हवा मोजणारे फुगे सोडणारी केंद्रे विरळ आहेत, बहुतेक मोजमाप उपग्रहांचे. सुरुवातीच्या आकड्यांत थोडा फरक राहिला तरी तो पुढे वाढत जातो. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरले आणि काही काळाने पूर्ण वेगळे हवामान हाती आले, तेव्हापासून ही गोष्ट शास्त्राला ठाऊक आहे.

म्हणूनच हवामान केंद्रे एकाच रनवर थांबत नाहीत. युरोपीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र सुरुवातीची स्थिती किंचित बदलून एकूण ५१ आवृत्त्या चालवते. त्यांतल्या चारच आवृत्त्यांत हिमवादळ दिसत असेल, तर खरी बातमी ‘शक्यता कमी, पण लक्ष ठेवावे’ एवढीच असते. चाळीस आवृत्त्यांत दिसत असेल आणि दिवसामागून दिवस तेच चित्र टिकत असेल, तर मात्र मथळा मोठा करायला माझी हरकत नाही. मार्च १९९३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आलेल्या महावादळाची सूचना तिथल्या हवामान सेवेने पाच दिवस आधी दिली होती. त्या काळात ही मोठीच मजल होती.

बर्फाच्या नकाशांबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण सर्वाधिक फसगत तिथे होते. मॉडेल आकाशातून पडणारे पाणी मोजते. समाजमाध्यमांवर फिरणारे अनेक नकाशे त्या पाण्याला सरसकट दहाने गुणून बर्फाची जाडी काढतात. प्रत्यक्षात कडाक्याच्या थंडीतला भुसभुशीत बर्फ पाण्याच्या वीस पटही भरतो आणि शून्याच्या आसपासचा ओला बर्फ पाच पटच. शिवाय वरच्या थरात उबदार हवा घुसली की बर्फ वितळून खाली पाऊस येतो आणि तो जमिनीला टेकताच गोठतो. असे नकाशे बऱ्याचदा हा गोठणारा पाऊस आणि वाटेतच गोठलेले बर्फकण यांनाही बर्फवृष्टीतच धरतात. त्यामुळे नकाशात दीड फूट बर्फ दिसतो आणि प्रत्यक्षात झाडांवर, तारांवर काचेसारखा बर्फाचा लेप चढतो. माझ्यासारख्या वीजवाल्याला दीड फूट बर्फापेक्षा तो लेप अधिक धडकी भरवतो, कारण त्याच्या भाराने तारा तुटतात आणि मनोरे कोसळतात. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातील क्युबेकमध्ये नेमके हेच घडले आणि लाखो लोक अंधारात राहिले.

वादळ तोंडावर आल्यावरही अनिश्चितता उरतेच. जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कला दोन ते तीन फूट बर्फाचा अंदाज होता. बर्फामुळे तिथली भुयारी रेल्वे पहिल्यांदाच पूर्ण बंद ठेवली गेली. सेंट्रल पार्कमध्ये पडला ९.८ इंच. बर्फाच्या पट्ट्याची पश्चिमेकडची कड थोडी पूर्वेला राहिली, एवढाच फरक. त्याच वादळात बॉस्टनमध्ये दोन फुटांवर बर्फ साचला. हवामान सेवेच्या एका अधिकाऱ्याने तेव्हा जाहीर माफी मागितली. मला त्या अधिकाऱ्याबद्दल आदर वाटतो, पण माफीची वेळ आली ती एकच ठाम अंदाज, त्यातली अनिश्चितता न सांगता, लोकांपुढे ठेवल्यामुळे. आता तिथली कार्यालये अपेक्षित आकड्यासोबत खालची आणि वरची मर्यादाही दाखवतात. ती वृत्तपत्रात छापायला दोन ओळी पुरतात.

‘ध्रुवीय भोवरा कोसळला’ हेही दर हिवाळ्यात वाचायला मिळते. हा वाऱ्यांचा भोवरा स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या थरावरच्या वातावरणात, ध्रुवाभोवती दर थंडीत असतोच. कधी कधी तिथली हवा अचानक तापते, सुमारे ३० किलोमीटर उंचीवरचे पश्चिमी वारे उलटे फिरतात आणि भोवरा फाटतो किंवा सरकतो. त्यानंतरच्या आठवड्यांत काही भागांत थंडीची शक्यता वाढते, पण कोणत्या देशात, कोणत्या तारखेला, हे त्यावरून सांगता येत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये असे घडल्यावर महिनाअखेरीस युरोप गारठला. जानेवारी २०२१ मध्येही भोवरा असाच विस्कळीत झाला होता. पुढच्या महिन्यात अमेरिकेच्या टेक्सास राज्यात आलेल्या भीषण थंडीशी याचा संबंध किती, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे.

टेक्सासबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी डल्लास-फोर्ट वर्थला पारा उणे १९ अंश सेल्सियसपर्यंत गेला. थंडी येणार याची सूचना कित्येक दिवस आधी होती. पण वायूच्या विहिरी, नळ्या, वीजकेंद्रांतील उपकरणांच्या बारीक नलिका गोठल्या आणि एकेक वीजनिर्मिती संच बंद पडत गेला. १५ फेब्रुवारीच्या पहाटे दोनच्या सुमारास वीज मागणीला कमी पडल्याने जाळ्याची वारंवारिता, जी ६० हर्ट्झवर स्थिर राहायला हवी, ती ५९.३० पर्यंत घसरली आणि चार मिनिटांहून अधिक काळ धोक्याच्या रेषेखाली राहिली. ती नऊ मिनिटे तिथे राहिली असती, तर आणखी संच आपोआप सुटून सगळे जाळेच कोसळण्याची भीती होती. तिथल्या ऑपरेटरांनी भारनियमन करून ते वाचवले. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातांना काय झाले असेल, हे मला कोणी सांगायला नको. तरीही लाखो घरे गोठवणाऱ्या थंडीत दिवसच्या दिवस विजेविना राहिली आणि सरकारी नोंदीनुसार २४६ माणसे गेली. त्यांतले बहुसंख्य मृत्यू थंडीने झाले. काहींचा जीव उबेसाठी बंद जागेत गाडी किंवा जनित्र चालवताना विषारी वायूने घेतला.

डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरालाही हिमवादळाचा इशारा काही दिवस आधीपासून होता, ‘पिढीत एकदा येणारे’ अशा शब्दांत. वाहनबंदी मात्र वादळ येऊन धडकले त्याच सकाळी लागू झाली, तोवर माणसे कामावर निघाली होती. रुग्णवाहिका आणि बंबही अडकून पडले आणि त्या एका परगण्यात चाळीसहून अधिक लोक दगावले. दर पंधरवड्याला ‘शतकातील सर्वांत भीषण’ ऐकणाऱ्या माणसाला या खऱ्या इशाऱ्यातले वेगळेपण कसे कळावे, हा प्रश्न मला सोडत नाही.

म्हणून हौशी मित्रांना सांगणे आहे की पाच दिवसांपलीकडचा एकट्या रनचा बर्फाचा नकाशा पुढे पाठवू नका. अभ्यासासाठी जरूर पाहा, मीही पाहतो. हात शिवशिवत असतील तर मोजमाप करा. पांढऱ्या रंगाच्या सपाट फळीवर पट्टीने मोजलेला बर्फ हवामान सेवेला फार मोलाचा असतो, कारण पाऊस कुठे संपला आणि बर्फ कुठे सुरू झाला, हे रडारला नेहमी कळत नाही. अमेरिकेत कोकोराझ नावाचे स्वयंसेवकांचे जाळे १९९८ पासून नेमके हेच काम करते.

आपल्याकडे, संपादक महाशय, दोन गोष्टी मागतो. एक तर हवेचे तापमान आणि वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी हे आकडे वेगळे छापावेत. उणे १८ अंशाला ताशी २४ किलोमीटर वारा असेल, तर अंगाला उणे २८ जाणवते आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. पण थर्मामीटर उणे १८च दाखवतो आणि नळातले पाणीही त्याखाली जात नाही. मथळ्यात उणे २८ हे तापमान म्हणून जाते तेव्हा वाचकाला दोन्हीपैकी एकही गोष्ट कळत नाही.

दुसरे म्हणजे, अशा प्रत्येक नकाशाखाली छापण्यासाठी एक चौकट सुचवतो: ‘हा नकाशा … मॉडेलच्या … तारखेच्या … रनचा आहे. घटना अजून … दिवस पुढे आहे. … पैकी … आवृत्त्यांत ती दिसते. त्या देशाच्या हवामान सेवेने आजपर्यंत … इशारा दिला आहे किंवा दिलेला नाही.’ यातली एक जागा जरी भरता आली नाही, तरी त्या दिवशी तो नकाशा छापू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भार प्रेषण अभियंता