अभीला फिल्टर हाऊसवर जायचं असेल तर

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, दादाचा अभी दहावीनंतर पाण्याच्या लाइनीत जाणार म्हणतोय, आणि आई म्हणते, व्हॉल्व्ह फिरवायला शिकायचं कशाला? आई, पावसाळ्यात तू हंड्यात तुरटी फिरवतेस, कोल्हापूरच्या पुईखडी जलशुद्धीकरण केंद्रातही मुळात तेच काम. फक्त तिथं अंदाजपंचे चालत नाही.

गढूळ पाणी आलं की आधी जार टेस्ट. सहा बीकरमध्ये एकेक लिटर पाणी, तुरटी 10, 20, 30 मिलिग्रॅम अशी चढती. मिनिटभर जोरात, मग पंधरा-वीस मिनिटं हळू ढवळायचं, अर्धा तास निवळू द्यायचं. सगळ्यात कमी तुरटीत जे नितळ झालं, तो डोस. 30 ठरला आणि केंद्र रोज 1 कोटी लिटरचं असेल, तर दिवसाला 300 किलो. हा हिशेब टाळून 'लाल पाणी आलंय, टाक अजून' म्हणणारे असतातच. जादा तुरटी पाण्यातली अल्कलिनिटी (आम्ल झेलायची ताकद) खाते, पीएच उतरतो, गाळाची गुठळी नीट धरत नाही, आणि गाळ जातो वाळूच्या फिल्टरवर. मग बॅकवॉशवर बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं, त्यात शुद्ध केलेलंच पाणी वाया.

रसायनाची गोडी असेल तर आयटीआयला अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, दोन वर्षं. नसेल तर सरळ इलेक्ट्रिशियन. पंप आणि पॅनेल कळणारा माणूस एमआयडीसीतल्या ईटीपीवर, म्हणजे कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रावरही लागतो. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. सिव्हिल डिप्लोमा झाला की राज्याच्या पाणीपुरवठ्याची कामं बघणाऱ्या जीवन प्राधिकरणाच्या कनिष्ठ अभियंता भरतीची दारं उघडतात. लॅबमध्ये बसायचं तर बी.एस्सी. केमिस्ट्री.

बरीच केंद्रं ठेकेदार चालवतात. तिथं पीएफ कापतात का, अनुभवाचा दाखला देतात का, हे पगाराआधी विचारायचं.

वहिनीला क्लोरीनची धास्ती आहे, ती खोटी नाही. 900 किलोचा टनर, म्हणजे क्लोरीनची मोठी टाकी, गळतोय का हे अमोनियात भिजवलेल्या बोळ्यानं बघतात. पांढरा धूर दिसला की गळती. गळतीवर पाणी कधीच मारायचं नाही, आम्ल होऊन भोक मोठं होतं. वायू हवेपेक्षा जड, म्हणून वारा जिकडून येतो त्या दिशेला आणि उंचावर जायचं. जिथं श्वसनाचा मास्क आणि गळतीचं किट नाही, तिथं अभीला अजिबात पाठवू नका.

फॉर्म भरण्याआधी त्याच्या गणित-विज्ञानाच्या मार्कांचा फोटो मला पाठवा.

तुमची,
सुमी