त्या उंच झाडासाठी धावून आलेल्यांचे आभार

घरांवर कललेलं ते उंच झाड अखेर खाली आलं, आणि कुणाला साधं खरचटलंही नाही. बुंध्याशी उगवलेल्या अळंब्या आणि मुळांजवळची उचललेली माती पाहून ‘हे आतून पोकळ झालंय’ असं ज्यांनी वेळीच ओळखलं, त्यांचे मनापासून आभार. एकदम पाडलं असतं तर छपरं गेली असती. तुम्ही आधी वीज बंद करवलीत, फांद्यांत घरटं नाही ना तेही पाहिलंत, मग शेंड्यापासून एकेक तुकडा दोराने बांधून अलगद उतरवलात. खाली दोर धरून तासन्‌तास उभ्या राहिलेल्यांचे तर किती आभार मानावेत! नावं विचारायच्या आत तुम्ही निघून गेलात. वारा सुटला की आई दचकून उठायची. काल रात्री ती शांत झोपली.