पाच सेकंदांची नोकरी

विंटरबर्ग (जर्मनी), 14 जानेवारी

ती. बाबांस, सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलं, "बर्फावरून घसरून पोट भरते का?" आणि नेमकी रेंज गेली. उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून लिहूनच पाठवते.

मी पाठवलेल्या फोटोतली, बर्फावरून घसरणारी पोट्टी आमच्या वरच्या मजल्यावर राहते. ती बॉबस्ले खेळते, म्हणजे बर्फाच्या वळणावळणाच्या उतारावरून गाडी पळवायची शर्यत. बैलगाड्यांचा आपला शंकरपट, तोच बर्फावर समजा. छकडीच्या जागी पोलादी पात्यांवरची गाडी. पुढं पायलट, म्हणजे धुरकरी. कासरा धरावा तशा दोन दोऱ्या त्याच्या हातात. बैल मात्र नाहीत. बैलाचं काम हिचं. सुरुवातीचे पन्नासेक मीटर जीव खाऊन गाडी ढकलायची, उडी मारून मागं बसायचं आणि डोकं गुडघ्यात घालायचं. ढकलणं जेमतेम पाच-सहा सेकंद, खाली पोचायला मिनिटही लागत नाही. त्यात तिला दिसत काहीच नाही. अंगावर दाब आला की कितवं वळण ते कळते, आणि शेवटची रेघ ओलांडली की ब्रेक ओढायचा.

ही आधी 100 मीटर पळायची. बाविसाव्या वर्षी इकडं आली. बहुतेक जण असेच, धावण्यातून नाहीतर गोळाफेकीतून येतात. आपल्या भाऊला सांगा, पोलीस भरतीचं अर्धं मैदान इथंही चालते! आणि गंमत म्हणजे ही पोलिसातच आहे. जर्मनीत पोलीस आणि सैन्य खेळाडूंना नोकरीत घेतात, पगार देतात. ज्यांना तेवढं नशीब नाही ते वर्गणी, प्रायोजक, उन्हाळ्यात दुसरं काम असं करून हिवाळा काढतात.

घसरण्यापेक्षा बाकीचीच कामं फार. मागच्या आठवड्यात मी रात्रपाळीहून आले तर ही शेडमध्ये पाती घासत बसलेली. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. मला म्हणाली, बोट फिरव. काचेसारखं गार. शर्यतीआधी पात्यांचं तापमान मोजतात. गरम करून आणली तर बाद. पटात बैलांना काय काय पाजतात ते तुम्ही सांगायचे, ते आठवून मी हसले.

वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकात दोघांच्या गाडीच्या चार फेऱ्या झाल्या, तरी जर्मनी आणि कॅनडाची वेळ तंतोतंत सारखी. दोघांनाही सुवर्ण. आपल्याकडं काठ्या निघाल्या असत्या.

डिसेंबरात मात्र ढकलण्याच्या चाचणीत ही थोडक्यात मागं पडली आणि गाडीतली जागा दुसरीला गेली. पाठ तर आधीपासूनच दुखते. तरी रोज पहाटे लोखंड उचलायला जाते. 2014 ला शंकरपटावर बंदी आली तेव्हा पट नसतानाही तुम्ही जोडीला सरकी-ढेप घालत होते, आणि आई चुलीपुढून विचारायची, "त्यानं पोट भरते का?" तिचंच वाक्य तुमच्या तोंडून ऐकलं म्हणून एवढं लिहिलं.

तिच्या बुटाच्या चवड्याखाली बारीक खिळ्यांचा ब्रश असतो, बर्फावर पाय रुतायला. आपल्या जोडीचा फोटो दाखवला तर तिनं शिंगं नाही, आधी खूर पाहिले. नाल कशी ठोकता, विचारते. सर्जाचा पाय उचलून खालून एक फोटो काढा आणि भाऊच्या फोनवरून पाठवा.

तुमची,
माई