मंचावरची उंच गादी

चि. पिंकी,
अनेक आशीर्वाद.

शपथविधीच्या मंचावर त्या बाबाला पाहून फॅमिली ग्रुपवर तू ‘लाज वाटते, परदेशात असं चालत नाही’ असं लिहिलंस आणि मावशीला ‘अंधभक्त’ म्हणालीस, ते वाचलं. मावशी ग्रुपमधून बाहेर पडली, हे कळलंच असेल. तुझा संताप मला पटतो. बायकांबद्दल भर सभेत वाट्टेल ते बोलणारा माणूस सरकारी मंचावर पहिल्या रांगेत बसतो, हे कोणालाही खटकावं. पण तू सगळं तोंडसुख घेतलंस ते बाबावर आणि त्याच्या भक्तांवर. ज्यानं बोलावलं तो अलगद सुटला.

मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले. मंचावर कोण बसणार हे बाबा ठरवत नाही. यादी साहेबांच्या पीएकडून येते आणि आदल्या रात्रीपर्यंत बदलत राहते. एका कार्यक्रमात आमचे सोफे लागले होते, पांढरी कव्हरं चढली होती, आणि रात्री फोन आला: महाराजांना वेगळी गादी पाहिजे, बाकीच्यांहून उंच. पोरांनी खाली पाट ठोकले, वर गादी, लोड, भगवं मखमल. सकाळी पीए आला, लांबून मोबाइलमध्ये पाहिलं आणि म्हणाला, ‘अजून थोडी वर घ्या, कॅमेऱ्यात दिसत नाही.’ पुन्हा पाट. बाबा आले, बसले, हात वर केला, गेले. त्यांनी उंची मागितलीच नव्हती. ती हवी होती साहेबांना, कारण समोर बसलेले भक्त म्हणजे मतं!

खरं तर शपथेला लागतात दोनच जण, राज्यपाल आणि शपथ घेणारा. ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणायचं की देवाचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची, ही मोकळीक घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतच दिली आहे. ज्याला देव हवा त्याची सोय तिथं आहे. बाकी सगळी पाहुण्यांची यादी.

आणि परदेशात असं चालत नाही म्हणतेस? चालते ना बाप्पा. 2009 मध्ये ओबामांनी शपथविधीच्या प्रार्थनेला रिक वॉरन या पाद्र्याला बोलावलं. कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह बंद करणाऱ्या प्रस्तावाला त्यानं पाठिंबा दिला होता, म्हणून केवढा गदारोळ झाला. ओबामा हटले नाहीत. शपथविधीच्या दोन दिवस आधी लिंकन स्मारकावरच्या कार्यक्रमात मात्र जीन रॉबिन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या बिशपकडून प्रार्थना म्हणवून घेतली. दुसऱ्या खेपेला, 2013 मध्ये, लुई गिग्लिओ हा पाद्री ठरला होता. समलिंगी संबंधांविरुद्धचं त्याचं नव्वदच्या दशकातलं एक प्रवचन लोकांनी शोधून काढलं आणि तो स्वतःच बाजूला झाला. नुसतं ‘लाज वाटते’ लिहून हे झालं नसतं, त्याचेच शब्द समोर ठेवले तेव्हा झालं. तुझ्या मेसेजमध्ये त्या बाबाचं एकही वाक्य तारखेसकट नाही.

आपल्या नागपूरला हे नवं नाही. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा इथल्याच हिवाळी अधिवेशनात, डिसेंबर 2013 मध्ये, मंजूर झाला. जानेवारी 2023 मध्ये बागेश्वरच्या महाराजांचा दरबार इथं भरला तेव्हा अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या श्याम मानवांनी शिव्या दिल्या नाहीत. दिव्यशक्ती सिद्ध करा, 30 लाख देतो, म्हणाले, आणि त्याच कायद्याखाली पोलिसांत तक्रार केली. पोलिसांना गुन्हा दिसला नाही, ते वेगळं. पण मुद्दा काय हे पानठेल्यावरच्या माणसालाही समजलं.

मावशीला ‘अंधभक्त’ म्हणालीस ते मला अजिबात आवडलं नाही. काका गेल्यावर तिला बोलायला कोण होतं? तिच्या सत्संगातल्या बायका. फोन कर तिला. बाबाचा विषय काढू नको.

आणि आमदारांना लिही. निमंत्रण कोणी दिलं, कोणत्या खात्यातून खर्च झाला, त्या भाषणाबद्दल साहेबांचं मत काय, एवढंच विचार. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायचा तर 10 रुपये लागतात.

तू मला विचारशील, ‘बाबा, असं काम पुन्हा आलं तर घ्याल?’ घेईन. पोरांचे पगार आहेत. पण गादीचं बिल कोणाच्या नावानं फाडायचं ते आधी लिहून घेईन, आणि त्याची कॉपी तुला पाठवीन.

तुझा,
बाबा